दुबईचा व्हिसा : व्यापाऱ्याचा वेगळा, कारागिराचा वेगळा

संयुक्त अरब अमिरातीत जाणाऱ्या भारतीयाला सर्वसाधारणपणे आधीच व्हिसा घ्यावा लागतो. मात्र तो कोणत्या कामाचा आहे, हे न पाहताच आपले अनेक बांधव विमानात बसतात. म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

भेटीचा व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा असतो. देराच्या बाजारात माल पाहणे, प्रदर्शनाला जाणे, व्यापाऱ्यांशी बोलणी करणे यासाठी तो पुरतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचे तिकीट, राहण्याचे ठिकाण व खर्चापुरते पैसे यांचा पुरावाही जवळ ठेवावा. अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपीय संघातील देशाचा वैध व्हिसा अथवा वास्तव्य परवाना असणाऱ्या भारतीयाला तेथे उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा मिळू शकतो. मुदत उलटल्यास दररोज ५० दिरहम दंड बसतो.

आता कारागिरांविषयी. सुतार, शिंपी, वेल्डर, गवंडी यांना "आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ" असे सांगणारे दलाल गावोगाव आहेत. या व्हिसावर मजुरी करणे बेकायदा आहे. तेथे २०२४ साली झालेल्या कायदादुरुस्तीनुसार परवान्याविना कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. पण पगार बुडाला तर हातात करारच नसल्यामुळे कारागिराला दाद मागणे फार कठीण जाते.

नोकरीचा रस्ता सरळ आहे. तेथील २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, आणि कामगाराचा पासपोर्ट त्याला अडकवून ठेवता येत नाही. नोकरीचा देकार अरबी व इंग्रजीबरोबरच हिंदी किंवा उर्दूतही मिळू शकतो. आपल्याला कळेल त्या भाषेत तो मागून घ्यावा व पगाराचा आकडा स्वतः वाचावा.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा लागू आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' नोंद असते. त्यांना अमिरातीत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे कटकट, असे समजू नये. तिच्यामुळे कराराची सरकारदरबारी नोंद होते आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. त्याचा दोन वर्षांचा हप्ता केवळ २७५ रुपये आहे.

नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येते. एजंटाचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. शंका असल्यास मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात चौकशी करावी.

आमचे सांगणे एवढेच की, दागिने गहाण टाकून पैसे भरण्यापूर्वी व्हिसाचा कागद जाणकाराकडून वाचून घ्या. त्यावर 'भेट' असे लिहिले असेल, तर ती नोकरी नव्हे.