जांभळ्या पानांची उन्हाळी झोप

एप्रिल सरत आला की पुण्या-नाशकाकडच्या बाल्कन्यांमधून एक झाड हमखास कचऱ्यात जातं. नर्सरीत ते ‘ऑक्झॅलिस’, ‘पर्पल क्लोव्हर’ किंवा ‘बटरफ्लाय प्लांट’ म्हणून मिळतं. लांब नाजूक देठाच्या टोकाला तीन-तीन त्रिकोणी पानं, रंग गडद जांभळा, मध्यभागी गुलाबीसर ठसा आणि थंडीच्या दिवसांत वर फिकट गुलाबी फुलं. डिसेंबरात घेतलेली ही भरगच्च कुंडी उन्हाळा लागताच मलूल होते. देठ आडवे पडतात, कडा करपतात. घरातली माणसं काळजीनं पाणी वाढवतात, त्यानं झाड आणखीच ढासळतं, आणि शेवटी नुसती माती उरली म्हणून कुंडी रिकामी केली जाते. त्या मातीत जिवंत कंद असतात. जिवंत झाड असं गैरसमजापायी फेकलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हे झाड मूळचं ब्राझील आणि आसपासच्या दक्षिण अमेरिकी प्रदेशातलं. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस ट्रँग्युलॅरिस. त्याचा सगळा संसार मातीखालच्या लांबट, खवलेदार कंदांत साठवलेला असतो. पारा बराच काळ तिशीपार राहिला की पानं पोसणं त्याला परवडत नाही. मग ते वरचा पसारा आवरून कंदात परततं आणि हवा निवळेपर्यंत थांबतं. आपल्याकडे ही झोप बहुधा भर उन्हाळ्यात येते. थंड हवेच्या ठिकाणी कदाचित येणारही नाही. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे ती लांबते.

या काळात माणसानं करायचं काम म्हणजे हात आवरणं. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावं. अर्धवट पिवळी पानं ओढून काढू नयेत, कारण त्यांतलं उरलंसुरलं अन्न कंदांत उतरत असतं. पूर्ण वाळली की मातीलगत कापावीत आणि कुंडी सावलीच्या, वारा खेळत्या जागी सरकवून ठेवावी. खत अजिबात नको. पाणीही जवळजवळ नकोच. हवा फारच कोरडी असेल तर पंधरवड्यानं एखादा घोट, तोही कंद सुरकुतू नयेत एवढ्यापुरता. पानं असतात तेव्हा मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे उडून जातं. पानंच नसली तर ते मातीत तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि कंद सडतात. उन्हाळ्यात मेलेली बहुतेक ऑक्झॅलिस तहानेनं नव्हे, पाण्यानं मेलेली असतात.

शंका आली तर बोटानं माती थोडी उकरून बघावी. कंद टणक आणि भरलेला लागला तर चिंता नाही. मऊ पडून वास येत असेल तर तेवढाच काढून टाकावा. साधारण महिनाभरानं, कधी पहिल्या पावसानंतर, मिटलेल्या छत्रीसारखे बारीक कोंब वर येतात. तेव्हापासून पाणी हळूहळू वाढवावं. कुंडी बदलायची तर ती कोंब फुटण्याच्या आधी. सहा इंची कुंडीत पाच-सहा कंद, दोन-तीन सेंटिमीटर खोल, एवढं पुरतं. बागेची माती, कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि पाणी झरझर खाली उतरावं म्हणून भरड वाळू किंवा पर्लाइट. जोर वाळूवर असू द्यावा; विशेषतः मुंबई-कोकणात, जिथे उन्हापेक्षा पावसाळ्यातली ओल जास्त घातक ठरते.

उजेडाचं गणित मात्र झाड स्वतःच शिकवतं. संध्याकाळ झाली की त्याची तिन्ही पानं खाली झुकून मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. नव्यानं आणणाऱ्याला वाटतं, झाड कोमेजलं. चार्ल्स डार्विननं १८८० मध्ये मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीनं वनस्पतींच्या हालचालींवर एक जाड ग्रंथ लिहिला. त्यात पानांच्या या निद्रेचा तपशीलवार अभ्यास आहे आणि ऑक्झॅलिसच्या जातीही आहेत. रात्रीच्या मोकळ्या आभाळाखाली पानांतली ऊब निघून जाते, मिटल्यानं ती थोडी टिकते, असं त्याला वाटत होतं. पान जिथे देठाला जोडलेलं असतं, तिथल्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त झालं की पान हलतं. एवढी साधी यंत्रणा. पण हीच पानं भर दुपारी मिटलेली दिसली तर ऊन जास्त होतंय, असा त्याचा अर्थ. देठ खिडकीकडे लांबत चालले आणि जांभळा रंग विटला तर उजेड कमी पडतोय. पूर्वेकडच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन त्याला सगळ्यात मानवतं. कुंडी अधूनमधून फिरवली की झाड एका अंगाला कलत नाही.

नर्सरीत याला ‘पर्पल क्लोव्हर’ म्हणत असले, तरी खरं क्लोव्हर वेगळंच. ते ट्रायफोलियम, म्हणजे शेंगवर्गीय कुळातलं. आपल्या शेतातला बरसीम हा चारा त्याच घराण्यातला. त्याला थंड हवा आणि पोटभर ऊन लागतं, त्यामुळे दिवाणखान्यात त्याच्या नादी लागू नये. ऑक्झॅलिसची नाती आपल्या जास्त जवळची आहेत. कुंडीत न लावता उगवणारी, पिवळ्या फुलांची आंबुशी ही त्याची सख्खी बहीण. गोव्या-कोकणातलं आंबट बिंबल आणि कमरख हेही त्याच कुळातले.

रोग फारसे येत नाहीत. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी लागतो. पानांच्या खालच्या बाजूला पाणी फवारत राहिलं तर तो आटोक्यात राहतो. पानामागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं लगेच काढून कुंडी इतरांपासून लांब ठेवावी. पाणी तेव्हा पानांवर नको, मातीतच घालावं.

आंबुशीची भाजी-चटणी आपण खातो, म्हणून या जांभळ्या पानांचाही घास घ्यावासा वाटतो. चव तशीच आंबट असते, ती ऑक्झॅलिक आम्लामुळे. पण नर्सरीतल्या झाडावर काय फवारलंय ते कळत नाही, आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जास्त जपावं. यातली ऑक्झलेटं भरपूर पानं खाल्लेल्या जनावराच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. अशा घरात हे झाड टांगत्या कुंडीत लावावं आणि खाली गळलेली पानं रोज उचलावीत.