गाडी आपली, पण आर.सी. बुक काय म्हणते?



स्मरणिकेत गाडीच्या सायलेन्सरवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याला कारण घडले आहे. परीक्षेच्या दिवसांत आपली मुले अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसतात आणि त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावरून फटाके फोडल्यासारखा आवाज काढीत मोटारसायकली जातात. त्या चालवणारी मुले परकी नसतात. ती कोपरीतलीच, कित्येकदा आपल्याच घरातली असतात. मध्यंतरी आपल्या एका सभासदाच्या मुलाने पहिल्या पगारातून असा सायलेन्सर बसवला. गाडी पकडली गेली, आणि कारवाईचा कागद वडिलांच्या नावाने घरी आला, कारण गाडी वडिलांच्या नावावर होती. वडील पेशाने ड्रायव्हर. "मी आयुष्यात सिग्नल मोडला नाही," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी आम्ही ठरवले की या विषयाची साधी माहिती सर्वांपर्यंत पोचवावी.

कायद्याचे मूळ तत्त्व

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातील कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. त्याचा सारांश असा की, कंपनीने गाडी ज्या स्वरूपात बनवली आणि जी माहिती नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आपण ज्याला आर.सी. बुक म्हणतो त्यात लिहिली आहे, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. इंजिन, चासीस, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, इंधन, रंग या सर्वांची नोंद तेथे असते. गाडी आणि आर.सी. बुक शेजारी ठेवले असता दोन्ही जुळली पाहिजेत, ही सर्वात सोपी कसोटी होय.

केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच तत्त्व पक्के केले. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे "आमच्या गॅरेजवाल्याने करून दिले" हा बचाव टिकत नाही.

शिक्षा किती?

पूर्वी अशा बदलासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, म्हणून लोक तो भरून मोकळे होत. २०१९ च्या दुरुस्तीने चित्र बदलले. आजची तरतूद थोडक्यात अशी:

१) बेकायदा बदल करणारा मालक (कलम १८२-अ, पोटकलम ४): सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवावेत. एकाच गाडीवर तीन बदल असतील तर हिशेब तीन वेळा होतो.

२) सुरक्षा, आवाज व धूर यांची मानके मोडणारी गाडी चालवणारा किंवा चालवू देणारा (कलम १९०, पोटकलम २): पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता.

३) सायलेन्सर टाळून धूर परस्पर बाहेर सोडणे (कलम १९४-फ): पहिल्या वेळी १,००० व पुन्हा घडल्यास २,००० रुपये.

४) ज्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही असे इतर नियमभंग (कलम १७७): प्रथम ५०० व नंतर १,५०० रुपयांपर्यंत.

न्यायालयात न जाता तडजोडीने भरायच्या रकमा राज्य शासन ठरवते. महाराष्ट्रात सुधारित रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या.

ज्याचे पोट स्टीअरिंगवर आहे त्याला तीन महिने लायसन्स नसणे म्हणजे काय, हे रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्या आपल्या बांधवांना सांगायला नको. दंड एकदाच भरावा लागतो, पण घरची चूल तीन महिने चालवावी लागते.

नेहमी दिसणारे बदल

सायलेन्सर: मूळ सायलेन्सरच्या आतील कप्पे आवाज शोषतात. अलीकडच्या गाड्यांत विषारी धूर कमी करणारा भागही याच नळीत असतो. तो काढला की आवाज आणि धूर दोन्ही वाढतात. पुणे, नागपूर अशा शहरांत जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील.

नंबर प्लेट: ४१४१ हा क्रमांक 'दादा' दिसेल असा रंगवणे ही आपल्याकडची जुनी हौस. परंतु अक्षरांची ठेवण व आकार नियम ५० व ५१ ने ठरलेले आहेत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट मिळतेच, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची केली आहे.

काळ्या काचा: नियम १०० प्रमाणे पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचांवर काळी फिल्म चिकटवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये निकाल दिला.

पुढचे लोखंडी गार्ड: याने गाडी वाचते असा समज आहे. प्रत्यक्षात धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी केलेला पुढचा भाग त्यामुळे नीट दबत नाही, एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो, आणि पादचाऱ्याला अधिक इजा होते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करण्यास कळवले होते.

दिवे: लाल दिव्याची प्रथा १ मे २०१७ पासून बंद झाली. २०२४ साली पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या वापरातील खाजगी ऑडी गाडीवर दिवा व 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी आढळली. तेव्हा पोलिसांनी ती गाडी ताब्यात घेतली. नियम पद पाहून बदलत नाही, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा.

मालक आणि मेकॅनिक, दोघेही जबाबदार

शिक्षा मालकाला आहे. मुलाने केलेला बदल बापाच्या माथी येतो, तो असा. कर्जाऊ घेतलेल्या गाडीत तर परस्पर बदल करणे अधिकच धोक्याचे. अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून भरपाई अडवू शकते. गाडी धोकादायक आढळल्यास कलम ५३ नुसार आर.टी.ओ. नोंदणी निलंबित करू शकतात.

गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या कायद्यातील 'डीलर' या शब्दात गाडी दुरुस्त करणारा आणि बॉडी बांधणारा हेही येतात. नियमबाह्य बदल करून देणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. गिऱ्हाईक हजार-दोन हजार मजुरी देऊन निघून जाईल, आणि उभी राहू पाहणारी गॅरेज मात्र बुडेल.

रीतसर मार्ग आहेत

कायदा सर्वच बदलांना नाही म्हणत नाही. सी.एन.जी. बसवायचा असल्यास मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रातून बसवून त्याची आर.सी. मध्ये नोंद करता येते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी मात्र चुकवू नये. इंजिन बदलण्यापूर्वी परवानगी घ्यावी, रंग बदलल्यास नोंद करावी. २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे गाडीत बदल करण्यास स्पष्ट वाट दिली आहे. आपल्यातील अशा बांधवांनी तिचा लाभ घ्यावा. कोपरीतील सभासदांसाठी कार्यालय ठाणे आर.टी.ओ. चे, एम.एच. ०४. कल्याणकडील नातेवाइकांसाठी एम.एच. ०५.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. जयंतीच्या मिरवणुकीसाठी भिंतीएवढे स्पीकर चढवण्यासाठी कापून-जोडून वाढवलेला ट्रक घेतला जातो. तोही याच कलमाखाली येतो. त्याखेरीज ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ट्रक ठरवताना कार्यकर्त्यांनी आर.सी. बुक पाहूनच विसार द्यावा.

आमची एवढीच विनंती आहे की, या रविवारी घरातली गाडी आणि तिचे आर.सी. बुक शेजारी ठेवून पाहा. जुळत नसेल ते काढून मूळचे बसवा. मुलांवर रागावू नका, त्यांना हा लेख वाचायला द्या. अभ्यासिकेतील दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. त्या प्रकाशात वाचणाऱ्या मुलांना शांतता मिळाली, तर हे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू.