गोळी ‘फक्त पायावर’ लागली तरी...

गेल्या आठवड्यात दवाखान्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मला विचारले, “डॉक्टर, गोळी तर फक्त पायावर झाडली होती म्हणे. मग माणूस दगावला कसा?” प्रश्न साधा होता, पण त्यातला ‘फक्त’ हा शब्द माझ्या मनातून जाईना.

गोळीबाराविषयी आपण वापरतो ते शब्द बहुधा गोळी झाडणाऱ्याचा हेतू सांगतात. शरीराला हेतू कळत नाही.

‘पायावर गोळी झाडली’ म्हणजे जीव घ्यायचा नव्हता, असे आपण समजतो. परंतु मांडीतून पायाची मुख्य रक्तवाहिनी (रोहिणी) जाते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. ही रोहिणी फाटली तर काही मिनिटांतच प्राण जाण्याइतके रक्त वाहून जाऊ शकते. खांद्याचेही तसेच. सिनेमातला नायक खांद्यात गोळी घेऊन मारामारी करतो. प्रत्यक्षात तेथे हाताची रोहिणी, मज्जातंतूंचे जाळे आणि जवळच फुफ्फुसाचे टोक असते.

‘हवेत गोळीबार’ हा शब्दही असाच फसवा. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच आणि डोक्यात बसली तर जीव घेऊ शकते. म्हणूनच शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने लग्नसमारंभात आनंदाने गोळ्या झाडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

‘साफ करताना गोळी सुटली’ असे म्हटले की ती जणू आपणहून निघाली! बंदूक रिकामी आहे असे गृहीत धरलेले असते आणि बोट चापावर असते, हे मात्र त्या वाक्यात येत नाही. ज्यांच्या घरी पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती रिकामी करून, काडतुसे वेगळी, कुलपात ठेवावीत.

‘गोळी काढली, आता धोका टळला’ हाही गैरसमज. आधी रक्तस्राव थांबवावा लागतो. गोळी पुष्कळदा आतच राहू देतात. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा डॉक्टरांनी ती शोधण्यासाठी न धुतलेली बोटे जखमेत घातली. जंतुसंसर्ग होऊन अडीच महिन्यांनी ते वारले.

‘पोलीस केस आहे, हात लावू नका’ हे वाक्य तर सर्वांत घातक. आधी उपचार, मग कागदपत्रे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आलाच तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. ती भिजली तरी काढू नका, वर दुसरी ठेवा आणि दाब सोडू नका. जखमेत बोट घालू नका. पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा.

गुरुजींना मी एवढेच म्हणालो, “गुरुजी, गोळीला ‘फक्त’ कळत नाही.”