वरून टाकलेली भाकरी

गेल्या माघात एका लग्नाच्या निमित्ताने खकनारला जाण्याचा योग आला. बऱ्हाणपूरची केळी मागे पडली, सातपुड्याचे सागवान दिसू लागले आणि पणजोबांच्या जुन्या घराची आठवण झाली. त्या घरात आता दुसरेच कोणी राहतात. ओटा मात्र तसाच आहे. त्या ओट्याची एक गोष्ट आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, पणजीने दारी आलेल्या एकाही कोरकूला विन्मुख पाठविले नाही. एवढेच की, विटाळ नको म्हणून भाकरी वरून टाकीत. आणि पोर जवळ आलेच, तर पुन्हा स्नान!

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मान ताठ होई. यंदा त्या ओट्यासमोर उभा राहिलो आणि ती खाली गेली.

कारण वाटेत रमाबाईंचे चरित्र वाचीत होतो. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या जुन्या घरांतून सहसा आदराने घेतले गेले नाही. ‘बाटली’ या एका शब्दात त्यांचा निकाल लागे. १८९३ साली शारदा सदनातल्या विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात असा गवगवा झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले आणि अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांची धास्ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पोर परक्या धर्मात जाईल याचे भय कोणत्या आईबापांना वाटत नाही?

पण या बाई ख्रिस्ती लोकांनाही सरळ पचल्या नाहीत, हे आपण विसरतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा; पण गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद तिथल्या जोगिणींशी घालायला त्या कचरल्या नाहीत. पुढे तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी काही वर्षे गेली. स्वतःच्या धर्मांतराविषयी इतके उघडे बोलणारे माणूस विरळाच. मुळात त्यांना ओढून घेतले ते लंडनजवळ फुलहॅमला त्या जोगिणी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना पोटाशी धरीत होत्या, त्या दृश्याने. आपल्या शास्त्रांचा अभ्यास केलेल्या बाईला तिथे असे काही दिसले, जे इथे दिसले नव्हते.

आता आमच्या ओट्याकडे येतो. छप्पनच्या तीनच वर्षे आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, याच मध्यप्रांतात रमाबाई आल्या होत्या. मदतीच्या छावण्यांतून, अनाथगृहांतून फिरल्या. उपाशी पोरींना कोण कोण कुठे नेते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी अशाच भुकेने गमावली होती, म्हणून त्या नजरेला फसविणे शक्य नव्हते. सुमारे तीनशे मुलीबायका त्यांनी पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला आणल्या. मध्यप्रांताच्या या भागातून पुण्याकडे जायचे म्हणजे बऱ्हाणपूर-भुसावळ हीच आगगाडीची वाट. खरजेने भरलेल्या, उवांनी पछाडलेल्या त्या पोरींना न्हाऊ घालणे, खाऊ घालणे, मग लिहायला, शिवायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकविणे, असे ते काम. छप्पनला गुजरात-राजपुतान्यातल्या मुलींची भर पडली आणि मुक्तिसदन सुमारे दोन हजारांचे झाले. ‘कृपासदन’ म्हणून निराळे घर त्यांनी काढले; फुलहॅम विसरले नव्हते.

अखेरच्या वर्षांत हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या करीत राहिल्या. १९२१ साली एकुलती मनोरमा गेली; ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या.

हे लिहून मी बाटायला निघालो आहे, असे कोणी समजू नये. देवघरात बसतो तसाच बसणार. पणजीलाही दोष द्यायचा नाही. तिने दाणा दिला, अनेकांनी तोही दिला नाही.

निघताना त्याच ओट्यावर एक कोरकू म्हातारी उन्हाला बसली होती. घरातली सून तिच्या हातात चहाची कपबशी देत होती. मला पाहून म्हातारीने जागा सरकवून दिली. मी बसलो.