होडीचें इंजिन सुरू होईना, तर काय पाहावें?

खाडीकांठच्या ज्या शेतकऱ्यांची जमीन पैलतीरीं आहे, त्यांस होडी ही बैलगाडीइतकीच गरजेची होय. अशा लहान होडीवर बहुधा एका सिलिंडरचें डिझेल इंजिन असतें. तें ऐन वेळीं अडून बसलें, कीं माणसें दमेपर्यंत हँडल मारीत राहतात.

गेल्या वैशाखांत आमची हीच गत झाली. आंब्याच्या पेट्या होडींत भरलेल्या, ओहोटी लागलेली, आणि चार गडी पाऊण तास हँडल मारून थकले. होडी चिखलांत बसली व माल पुढील भरतीपर्यंत उन्हांत पडला. मागाहून मिस्त्री आला. त्यानें फिल्टरच्या तळांतून वाटीभर पाणी काढलें, नळींतील हवा काढली, आणि इंजिन सुरू झालें. जन्मभर सरकारी दप्तर क्रमानें तपासलें, परंतु इंजिनासही तपासणीचा क्रम असतो, हें त्या दिवशीं उमगलें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेस इतकें दाबतो, कीं ती 500 अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, व नोझलमधून उडालेलें डिझेल तींत आपोआप पेटतें. म्हणून स्वच्छ डिझेल, मोकळी हवा आणि पुरता दाब ह्या तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत. तपासणी येणेंप्रमाणें करावी.

1. गिअर सुटा आहे काय, तें पाहावें. दाब सोडण्याचा खटका उचलूनही चाक जड फिरत असेल, तर पंख्यांत दोर किंवा जाळें गुंतलें आहे काय, तेंही पाहावें.

2. टाकींत डिझेल असावें, तिचा कॉक उघडा असावा, आणि इंजिन बंद करण्याचा दांडा चालू बाजूस असावा. ही चूक जाणत्यांकडूनही होते.

3. हँडल मारतांना धुराड्याकडे पाहावें. धूर मुळींच नसेल, तर डिझेल पोंचत नाहीं. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोंचतें, पण पेटत नाहीं.

4. डिझेल पोंचत नसल्यास फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी व गाळ काढावा. नंतर हवा काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें व स्क्रू आवळावा. तसेंच पंपापाशीं करावें. शेवटीं नोझलकडील नळीचा नट किंचित सैल करून हँडल फिरवावें, व डिझेल उसळूं लागतांच नट आवळावा. बहुतेक वेळां दोष येथेंच सांपडतो.

5. पांढरा धूर येत असल्यास हवेचा फिल्टर साफ करावा. मग खटका खालीं ठेवून चाक हळू फिरवावें. तें एके ठिकाणीं जोरानें अडलें पाहिजे. सहज फिरल्यास व्हॉल्व्ह किंवा रिंगांतून दाब निसटतो, असें समजावें. दाब ठीक असल्यास नोझल तपासवावें. हीं दोन्ही कामें मिस्त्रीचीं आहेत.

दोन धोके लक्षांत असावेत. नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये. तें डिझेल कातडी भेदून आंत शिरतें, व जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची पाळी येते. तसें झाल्यास विलंब न करतां इस्पितळ गांठावें. दुसरें, हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनानें उलट झटका दिल्यास मनगट मोडतें. हवेच्या वाटेनें पेट्रोल ओतण्याचा कोणी सल्ला दिल्यास तो मुळींच ऐकूं नये.

टाकी रात्रीं भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या टाकींत दमट हवेचें पाणी सांचतें. डिझेल गाळून घालावें, आणि पाने होडींतच ठेवावे. आम्ही तर आतां पहिली पेटी चढविण्यापूर्वींच इंजिन सुरू करून पाहतों. भरती कोणासाठीं थांबत नाहीं, परंतु माल कांठावर सावलींत थांबूं शकतो.