लूप नेमका कुठे कापायचा?

जयगडच्या बाजूला गणपतीत जाखडीची ढोलकी आणि शिमग्यात पालखीपुढचा ढोल घरात बसूनही ऐकू येतो. तो मोबाइलवर टिपून लूप करणं आता कुणालाही जमतं. लूप म्हणजे तालाचा असा तुकडा, जो संपताच न अडखळता पुन्हा सुरू होतो. पण पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत कापलं की लूप झाला, असा सर्रास समज आहे. मग दर फेरीला ठेच लागते आणि दोष बिचाऱ्या वादकाला जातो.

रहाटाची माळ आठवा. शेवटच्या गाडग्यापुढचं अंतरही माळेचंच असतं. ते गाळलं तर गाडगी एकमेकांवर आपटतील. तसाच तुकडा समेपासून (आवर्तनाची पहिली मात्रा) पुढच्या समेच्या अगदी आधीपर्यंत घ्यावा, शेवटच्या थापेनंतरच्या मोकळ्या जागेसकट. केरवा ८ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर लूप ४ सेकंदांचा भरतो.

ढोलकीचा घुमारा पुढच्या समेवर रेंगाळतो, म्हणून सलग तीन आवर्तनं वाजवून मधलं उचलावं. सांध्यावर ‘टक्’ आलं, तर काही मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) पुरतो.

प्रयोग त्यानंतर: उलटा वाजवा, लय निम्मी करा, एक मात्रा गाळून ७ची फेरी करा. पॅरिसमध्ये संगीतकार प्येर शेफर यांनी १९४८मध्ये ग्रामोफोनच्या तबकडीची खाच वर्तुळासारखी बंद करून आवाज असेच फिरवले होते. रेकॉर्डिंगआधी मात्र समुद्राकडची खिडकी लावून घ्या. माइकमध्ये शिरलेला वारा नंतर काढणं फार कठीण.