शिसं कमरेवरून पाठीवर

१९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांचं ॲक्वालंग हे श्वसनयंत्र पाण्यात उतरलं, तेव्हा पाणबुड्याच्या पाठीवर सिलिंडर होते आणि कमरेला शिशाचा पट्टा. फुगवायला काहीच नव्हतं, त्यामुळे वजन बेतानंच घ्यावं लागे.

साठच्या दशकात फ्रान्समध्ये मोरिस फेंझी यांचं गळ्यात अडकवायचं, फुगणारं जॅकेट आलं. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर राहावं म्हणून त्यातली हवा छातीवर असे. पुढे बाह्यांत हात घालायची जॅकेटं आली, भाड्यानं द्यायला भारी सोयीची. शिसं मात्र कमरेलाच राहिलं. फुप्फुसं छाती वर उचलतात आणि शिसं कंबर खाली ओढतं, मग नवशिक्या तिरका होतो. तिरक्यानं फिन मारली की तो वर चढतो; चढू नये म्हणून आणखी शिसं घेतो, ते पेलायला जॅकेटात आणखी हवा भरतो. सिलिंडर लवकर संपतो आणि खालची वाळू ढवळून निघते, ती वेगळीच.

फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत हा तिरकेपणा जिवावर बेतायचा. गाळ उडाला की परतीची दोरी दिसत नाही. तिथल्या डायव्हरांनी पाठीला धातूची पाटी आणि तिच्यामागे हवेची ‘विंग’ लावली. स्टीलच्या पाटीचे दोन-अडीच किलो फुप्फुसांच्या मागेच येतात. तेवढं शिसं कमरेवरून उतरतं. हौशी डायव्हरांपर्यंत हे पोहोचायला बरीच वर्षं गेली. डायव्हिंग शिकवणाऱ्या ‘पॅडी’ या संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ट्रिमवर, म्हणजे पाण्यात आडवं राहण्यावर, ठळक भर आला तो २०१३च्या सुधारणेत.

मालवणला पहिल्या बुडीत प्रशिक्षकच आपल्याला धरून असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. तो येतो कोर्स झाल्यावर, स्वतःचं सामान घेताना. माझं मत पाटी आणि विंगच्या बाजूचं. जॅकेटच हवं असेल, तर पाठीवर वजनाचे कप्पे असलेलं घ्यावं. रबरी जड फिन थंड पाण्यात ड्रायसूट घालणाऱ्यांना शोभतात. आपल्या कोमट पाण्यात, पातळ सूटवर त्या पाय खाली ओढतात.

ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की तरंगू लागतो, म्हणून आपण आडवे राहतो का, याची चाचणी बुडीच्या शेवटी घ्या. सिलिंडरात ५० बार दाब उरला असताना, पाच मीटरवर, फिन न हलवता थांबा. पाय खाली जात असतील, तर पुढच्या बुडीला किलोभर शिसं कमरेवरून काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याला लावा. दुकानात त्यानंतर जा.